आमच्या प्रलयाचे लेखक

नाटक संपलं की सेट गोडाऊनमध्ये जातो, भाड्याचे कपडे परत जातात, हार दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत पडतात. किस्से मात्र कुणी परत नेत नाही. ते आपल्याच घरात साठत राहतात, माळ्यावरच्या जुन्या पातेल्यांसारखे. पाहुणे आले, चहा झाला, की मी त्यातला एखादा खाली काढते. लोक हसतात आणि म्हणतात, "शोभाताई, लिहून काढा की हे!" म्हटलं, काढू या. पण आधीच सांगते, हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या. पुढे पुढे माझी जीभ कडू होत जाते.

आमचा हौशी नाटकाचा ग्रुप नगरचा. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं. तालमी सावेडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, ऑफिसं सुटल्यावर. मी बँकेत काउंटरला बसते. दिवसभर "सर्व्हर डाऊन आहे" हा एकच डायलॉग म्हणायचा असतो, त्यामुळे संध्याकाळी दुसरं काहीही बोलायला मिळालं तरी बरं वाटतं.

आमचे लेखक आणि दिग्दर्शक म्हणजे शमुवेल ओहोळ सर. ख्रिश्चन, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले, बारीक अंगाचे, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. ग्रुपची सगळी नाटकं त्यांनीच लिहिली आणि सगळी स्पर्धेत पहिल्याच फेरीत पडली. या वेळी सर म्हणाले, "हे माझं शेवटचं. एवढं एक पुढं जाऊ द्या. मग मी सुटलो आणि तुम्हीही सुटलात."

नाटकाचं नाव 'होडीबाहेरचे'. गोष्ट सगळ्यांच्या माहितीतली. ब्रह्मदेव सृष्टी घडवतो, शंकर ती बुडवायला निघतो, आणि मनूला एक मासा येऊन सांगतो की प्रलय येतोय, होडी बांध, बियाणं घे, सप्तर्षी घे. सरांनी त्यात एकच प्रश्न घातला होता. ती होडी बांधली कुणी? सुतारांनी. मग होडीत सुतार का नाहीत? शेवटच्या प्रवेशात पाणी ओसरतं, मनू खाली उतरतो, त्याला राहायला घर हवं असतं, निदान एक दार हवं असतं. आणि दार करता येईल असा एकही माणूस पृथ्वीवर उरलेला नसतो.

वाचन संपलं तेव्हा मी पदराने डोळे पुसत होते.  तेवढ्यात आमचे अध्यक्ष अप्पा खाकरले आणि म्हणाले, "सर, जबरदस्त! यात माझा रोल कुठला?"

* * *

अप्पा सावेडीत क्लासेस चालवतात. अध्यक्ष असल्यामुळे त्यांना रोलही अध्यक्षांसारखेच लागतात. पहिल्या अंकात ब्रह्मदेव तेच आणि दुसऱ्या अंकात मनूही तेच! सृष्टी घडवायचीही त्यांनी आणि बुडताना वाचायचंही त्यांनीच.

ब्रह्मदेवाला जास्तीची तीन डोकी हवी होती. गणपतीच्या कारखान्यातून कागदाच्या लगद्याची करून घेतली आणि आणायला मला पाठवलं. मी ती डोकी घेऊन रिक्षा थांबवली. एक मांडीवर, दोन शेजारी नीट बसवून ठेवली. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं आणि मीटरला हातच लावेना.

"मॅडम, चार शिटा न्हाई घेत मी. पोलीस लई कडक झालेत."

"अहो, डोकी आहेत ती नुसती!"

"मंग? सीट काय पाय मोजून धरत्यात व्हय?"

तालमीत ती डोकी अप्पांना बांधली. सर लांबून बघत राहिले, मग जवळ आले, पुन्हा लांब गेले. "अप्पा," ते म्हणाले, "राग मानू नका, पण बाजूची तिघं एक्स्प्रेशन बरं देताहेत."

* * *

मला मासा मिळाला. चंदेरी ताडपत्रीचं अंग, पाठीवर हूक लावलेली शेपटी. मासा वाढत जातो म्हणून प्रत्येक प्रवेशाला आधीच्यापेक्षा मोठी शेपटी.

घरी सांगितलं तर नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "नुसतं पोहायचंय की बोलायचंही आहे?"

"बोलायचंय. भरपूर."

"मग जमेल तुला."

* * *

शंकर झाले केडगावचे बाळासाहेब. त्यांचं टाईल्सचं दुकान आहे. माणूस धिप्पाड, मनाने लोण्यासारखा. रोल मिळाल्या दिवशी त्यांनी मटण सोडलं. सोमवार धरला. तालमीत जटा लावायच्या आधी हात-पाय धुवायला लागले. गुडघा दुखत असूनही तांडव असं करायचे की हॉलच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या.

गंमत म्हणजे ही बातमी गिऱ्हाइकांपर्यंत पोचली. लोक दुकानात येऊन नमस्कार करायला लागले. बाळासाहेब एकदा वैतागून म्हणाले, "आवं, मानसं आता भावच करीना झालीत. संकराशी घासाघीस कशी करायची म्हनत्यात! मलाच लाज वाटाया लागली, मीच कमी करून देतो."

तालमीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सरांना भक्तिभावाने विचारलं होतं, "सर, तिसरा डोळा कंच्या वाक्याला उघडायचा?"

सर म्हणाले, "आधी असलेले दोन उघडा. माशाची शेपटी तुडवताय."

* * *

पहिला प्रयोग बेलापूरला झाला, ओळखीतून मिळालेला. मांडव भरलेला. पुढे लहान पोरं, मागे बायका. शेवटच्या प्रवेशात सुतार काठावर उभे राहतात आणि होडी लांब जाते, तेव्हा मागून कुणीतरी मोठ्याने "आरं देवा" म्हणालं. मी होडीची दोरी ओढत होते. मला ते ऐकू आलं आणि दोरी हातातून सुटता सुटता राहिली.

प्रयोगानंतर एक म्हातारी आत आली. बाळासाहेबांच्या पाया पडली. मग विचारलं, "ह्ये लिहिलं कोनी?" आम्ही सरांकडे बोट दाखवलं.

"नाव काय मास्तर?"

"शमुवेल."

"लांबचं दिसतंय."

"नाही आजी, इथलंच आहे. पलीकडच्या वाडीत जन्मलो. प्रलयाची गोष्ट तुमच्याच गावच्या कीर्तनात ऐकली, मागे बसून."

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग त्या सुतारास्नी होडीत का नाय घेतलं तुमी?"

"मी नाही बाहेर ठेवलं त्यांना, आजी. ते आधीपासूनच बाहेर होते."

"व्हय," म्हातारी म्हणाली. "आमीबी तितंच हुतो." आणि जटा उतरवणाऱ्या शंकराकडे न बघता निघून गेली.

येताना टेम्पोत सगळे प्रयोगाच्या चुका काढत होते. सर ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि एकटेच हसत होते. त्यांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

* * *

बेलापूरचा बोलबाला झाला, पेपरात फोटो आला, आणि फोटोपाठोपाठ दादा आले. दादा म्हणजे एका संघटनेचे कार्यकर्ते. बरोबर दोन-चार जण. भांडायला आले नव्हते, उलट सगळ्यांसाठी चहा त्यांनीच मागवला! अत्यंत गोड माणूस. नाटक त्यांनी पाहिलं नव्हतं, वाचलं नव्हतं. आक्षेप मात्र तयार होता.

"ताई, मत्स्य अवतार बाई कशी काय करते?"

मी म्हटलं, "विष्णूने मोहिनी व्हायचं आणि मी मासा नाही व्हायचं?"

दादा खळखळून हसले. "हे बाकी बरोबर बोललात!" मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पोस्टरकडे बोट केलं. 'लेखक-दिग्दर्शक: शमुवेल ओहोळ.' सर तिथेच होते, बाकावर बसून वाक्यांवर खुणा करत होते.

"सर, आमचं काही नाही बरं का," दादा हात जोडून म्हणाले. "तुमी एवढे सीनियर. नाटक चांगलंच असणार. पन आपल्या देवांचं नाटक आनि वर हे नाव. लोक गैरसमज करून घेतात. उद्या कुनी काही केलं तर आमाला वाईट वाटंल."

जाताना त्यांनी सरांच्या पायाला हात लावला. खरंच लावला! माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

* * *

लगेच मीटिंग. आमच्या ग्रुपमध्ये एरवी मीटिंगला कुणी वेळेवर येत नाही, त्या दिवशी झाडून सगळे हजर.

अप्पा म्हणाले, "माझं काही नाही. पण लोक..."

लाईटवाले म्हणाले, "आमचं काही नाही. पण लोक..."

सुतारांचं काम करणारे म्हणाले, "आपलं काय नाय ओ. पण लोक..."

सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "या लोकांना एकदा तालमीला बोलवा. आयुष्यभर ऐकतोय त्यांच्याबद्दल, भेट कधी झाली नाही."

कुणी हसलं नाही. अप्पांनी टोपणनावाची आयडिया काढली. एखादं छान, प्राचीन वाटेल असं.

"अप्पा, आहे ते नाव बापाने ठेवलंय," सर म्हणाले. "त्याला विचारावं लागेल. आणि तो कबरस्तानात आहे."

"सर, कलेला नाव नसतं हो!"

"मग पोस्टरवर तुमचं माझ्यापेक्षा मोठं कशाला?"

तेवढ्यात बाळासाहेब उठले. खुर्ची मागे पडली. "सरांचं नाव निघालं तर म्या तांडव करनार न्हाई! आत्ताच सांगून ठेवतो! बघू कोन काय करतं!" एवढा मोठा आवाज तर त्यांनी रंगमंचावरही कधी लावला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

दुसऱ्या दिवशी दादांची माणसं बाळासाहेबांच्या दुकानात जाऊन बसली. काही बोलली नाहीत. टाईल्स बघितल्या, डिझाइनचं कौतुक केलं, चहा प्यायली, बराच वेळ बसली आणि गेली. संध्याकाळी बाळासाहेब तालमीला आले ते जमिनीकडे बघतच.

"सर, मी काय म्हनतो," ते म्हणाले, "नाव म्हंजी शेवटी काय, अक्षरं असत्यात. आपलं काम बोलतं."

 सरांनी मऊ आवाजात विचारलं, "गुडघा कसा आहे, बाळासाहेब?"

"बरा हाय."

"मग होईल तांडव."

* * *

मी म्हटलं, मी हे नाटक सोडते. ताडपत्री, शेपटी सगळं टेबलावर आपटलं. मला तिथल्या एकेकाच्या थोबाडाकडे बघवेना.

सरांनी शेपटी उचलली, झटकली, माझ्या हातात दिली. "मासा निघून गेला तर होडी ओढणार कोण? बसा शोभाताई." मग अप्पांकडे वळून म्हणाले, "माझं नाव काढा. पण शेवटच्या प्रवेशाला हात लावायचा नाही. सुतार बाहेरच राहतील. त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही."

"मान्य!" अप्पा म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की मला वाटलं, निदान एकदा 'अरेरे' तरी म्हणायचं होतं.

पार्किंगमध्ये मी सरांना गाठलं. म्हटलं, तुम्ही कबूलच कसं केलंत? ते स्कूटीची किल्ली शोधत होते.

"पोस्टर चार दिवसांत फाटतं, शोभाताई. तो प्रवेश मात्र लोकांनी बघायला पाहिजे. बेलापूरला बघितलंत ना तुम्ही?" किल्ली सापडली तरी लावेनात. "आणि खरं सांगू? राग येतो. लई राग येतो. पन नाटक पाडून तो कुनावर काढू?"

एवढ्या वर्षांत सरांच्या तोंडून गावाकडची भाषा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

* * *

नाव निघालं. पण स्पर्धा म्हटलं की लेखक लागतो. नाटक काय आपोआप उगवत नाही, असं स्पर्धावाल्यांचं म्हणणं. अप्पा म्हणाले, "तात्पुरतं माझं टाकू या."

तात्पुरतं! सृष्टी घडवायची, प्रलयातून वाचायचं, आणि आता हेही.

पुढच्या रविवारी सर चर्चमधून बाहेर पडत होते. तिथल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्यांना बाजूला घेतलं. "सर, ब्रह्मदेव आणि शंकर कशाला? आपल्याकडे नोहा आहे की! होडी आहे, पाणी आहे, सगळं आहे."

सर म्हणाले, "नोहाचे सुतार कुठे गेले ते मला सांगा. लगेच तोच घेतो."

गृहस्थ जरा गोंधळले. मग म्हणाले, "पण आता नाटकावर तुमचं नाव नाही म्हणे? बरं झालं एका दृष्टीने. आपल्यालाही उगाच त्रास नको."

हे मला सरांनीच सांगितलं. "दोन्हीकडचं एकमत झालंय, शोभाताई," ते म्हणाले. "नगरमध्ये असं सहसा होत नाही!"

* * *

आमच्याकडे प्रत्येक प्रयोगाआधी पडद्यामागे नटराजाची पूजा होते आणि नारळ दिग्दर्शक फोडतो. म्हणजे सर फोडायचे, वर्षानुवर्षं. हार घालायचे, उदबत्ती लावायचे, डोळे मिटून उभे राहायचे आणि एका फटक्यात नारळ. यात काही वेगळं आहे असं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी सरांनी नारळ हातात घेतला आणि अप्पा पुढे झाले. विंगेत दादांची माणसं उभी होती, व्यवस्थेला मदत म्हणून.

"सर, आज मी फोडतो. तुमचा हात दुखतोय ना?"

सरांनी नारळ त्यांच्या हातात ठेवला. "दुखत नव्हता," ते म्हणाले. "आता दुखतोय."

अप्पांना तो नारळ काही केल्या फुटेना. शेवटी बाळासाहेबांनी मान खाली घालून फोडला.

* * *

प्रयोग मात्र रंगला. मला मान्य करावंच लागेल. अप्पासुद्धा चांगले झाले, कारण शेवटच्या प्रवेशात मनूला फक्त गोंधळून उभं राहायचं असतं. होडी लांब गेली, सुतार काठावर राहिले, आणि हॉलमध्ये कुणी खोकलंदेखील नाही. पडदा पडल्यावर टाळ्या सुरू व्हायला वेळ लागला. असा वेळ लागला की समजावं, लागलंय.

पहिले आत धावत आले ते दादा. आता त्यांनी नाटक खरोखर पाहिलं होतं. डोळे लाल. त्यांनी अप्पांना मिठी मारली आणि सोडेनात.

"अप्पा, ते सुतार! काळजात घुसले बघा! माझा आजा बी सुतारच हुता. अप्पा, मी तुमाला सांगतो, असं लिहायला शेवटी आपलाच माणूस लागतो!"

सर तिथेच उभे होते, माझी शेपटी हातात धरून. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मान हलवली.

"अगदी बरोबर," ते दादांना म्हणाले. "आपलाच लागतो."

* * *

निकाल लागला. नाटक पहिलं! ओहोळ सरांचं पुढे गेलेलं पहिलं नाटक. आणि लेखनाचंही पहिलं बक्षीस. बँकेत मला व्हॉट्सॲपवर कळलं. काउंटरला रांग होती, तरी मी उठून जिन्यात गेले आणि सरांना फोन लावला.

"सर, आपलं पहिलं आलं!"

"व्वा!"

"आणि सर, लेखनाचंही पहिलं!"

"अरे वा," सर म्हणाले. "कुणाला?"

फोन कानाला लावून मी तशीच उभी राहिले.  तेही फोन ठेवेनात. शेवटी मी म्हटलं, "सर, सर्व्हर डाऊन आहे, नंतर बोलते," आणि जिन्यातच रडून घेतलं.

* * *

आणि आता हा शेवटचा. हा मी पाहुण्यांना सांगत नाही.

ग्रुपचा जाहीर सत्कार ठरला. मोठा हॉल, मंत्र्यांच्या जवळचे कुणी पाहुणे, पहिल्या रांगेत दादा आणि मंडळी. आधी नाटकाचा शेवटचा प्रवेश करून दाखवायचा आणि लगेच तिथेच, मेकअपमध्येच, सत्कार.

अप्पांचं एक आहे. त्यांचं पाठांतर शून्य. क्लासमध्ये पोरांना पाठ करायला लावतात, स्वतःला चार ओळी राहत नाहीत. त्यामुळे सर डाव्या विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करतात. त्यांची ती एक खास पट्टी आहे, नटाला ऐकू जाते आणि पहिल्या रांगेला जात नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने अप्पा असे तयार झालेत की विंगेतून वाक्य आलं की ते तोंडातून बाहेर पडतं. मध्ये डोकं लागत नाही. भावना मात्र उत्तम घालतात.

प्रवेश संपला. शाल झाली, नारळ झाला, ट्रॉफी झाली. निवेदिका म्हणाली, "आता लेखक आपलं मनोगत व्यक्त करतील."

अप्पांचा चेहरा उतरला. ते चटकन विंगेशी आले. "सर, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! दोन शब्द द्या हो. थांबा इथंच, जाऊ नका."

"आहे की मी," सर म्हणाले.

अप्पा माईकपाशी गेले. मी सरांच्या शेजारीच होते, शेपटी काढायला वेळ मिळाला नव्हता. सरांनी नेहमीसारखा विंगेचा कापडी पडदा एका हाताने धरला आणि पट्टी लावली.

"सन्माननीय व्यासपीठ."

"सन्माननीय व्यासपीठ!" अप्पा म्हणाले.

"आणि समोर बसलेले रसिकहो."

"आणि समोर बसलेले रसिकहो!"

"हा पुरस्कार घेताना मला फार संकोच वाटतो."

"हा पुरस्कार घेताना," अप्पांचा आवाज भरून आला, "मला फार, फार संकोच वाटतो."

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मला त्यांचा फक्त एका बाजूचा चेहरा दिसत होता.

"कारण हे नाटक मी लिहिलेलं नाही."

अप्पांनी छातीवर हात ठेवला. मान खाली घातली. नाटकातला सगळ्यात चांगला पॉझ त्यांनी तिथे घेतला.

"कारण हे नाटक... मी लिहिलेलं नाही!"

  आणि मग हॉल टाळ्यांनी कोसळला! लोक उभे राहिले. दादा उभे राहिले, डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवू लागले. बाळासाहेब तेवढे मागे जटा हातात घेऊन खाली बघत बसले होते. पाहुण्यांनी पुढे येऊन माईक आपल्याकडे ओढला.

"ऐकलंत? एवढं मोठं बक्षीस आणि हा माणूस म्हणतो, मी लिहिलं नाही! कर्ता करविता तो वरचा, आपण निमित्त! याला म्हणतात नम्रता. हीच आपली संस्कृती! मुलांनो, शिका यांच्याकडून!"

आणखी टाळ्या. पाहुण्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून अप्पांच्या गळ्यात घातला. अप्पांना एवढ्या टाळ्या कशाच्या ते समजलं नव्हतं, पण आवडल्या होत्या. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर तेज. टाळ्या ओसरल्या, लोक खाली बसले, हॉल गप्प झाला. सगळे पुढचं ऐकायला थांबले.

सरही गप्प होते.

 अप्पांनी मान विंगेकडे कलती केली आणि हळूच विचारलं, "सर, पुढचं?"

माईक चालू होता.